दोनदा जेवायचं की सहादा? आधी संध्याकाळचा डबा बघा

आमच्या विश्रामबागच्या वॉकिंग ग्रुपमध्ये सध्या दोन पार्ट्या पडल्यात. एक दीक्षित डाएटवाली, म्हणजे दिवसातनं दोनदाच जेवायचं आणि 55 मिनिटांच्या आत ताट संपवायचं. दुसरी दर दोन तासांनी थोडं थोडं खाणारी. सकाळी चक्कर मारताना यावरनं रोज वाद, आणि मला मनापासून वाटतं की किती वेळा खायचं हा भांडायचा मुद्दाच नाही.

थोडं थोडं खाल्लं की मेटाबॉलिझम फास्ट होतो असं जो तो सांगतो. आता अन्न पचवायला शरीर कॅलरी खर्च करतं हे खरंय, खाल्लेल्याच्या साधारण 10 टक्के, पण तो खर्च किती खाल्लं त्यावर ठरतो, 1800 कॅलरी तीनदा मिळून खा नाहीतर सहादा, खर्च 180 च्या आसपासच. कॅनडात हे करून बघितलंय, 2010 साली छापून आलं, एका गटाला तीन जेवणं आणि दुसऱ्याला तीन जेवणं वर तीन वेळा मधलं खाणं, कॅलरी दोघांच्याही सारख्याच कमी केलेल्या. 8 आठवड्यांनी वजन दोन्हीकडं सारखंच उतरलं. माणसं फक्त 16 होती, हेही सांगायला पाहिजे.

मग दोनदा जेवणाऱ्यांचं वजन उतरतं ते कशानं? माझ्या मते मधलं सगळं बंद होतं त्यानं. आणि सांगलीत मधलं म्हणजे काय थोडंथोडकं नसतं! संध्याकाळी सहाला भडंगाचा डबा उघडला की वाटी कोण घेतंय, सरळ हात आत. वरवर चुरमुरे हलके दिसतात पण खाली तेलात परतलेले शेंगदाणे आणि लसूण, आणि हात बरोबर शेंगदाण्यांकडंच जातो. मूठभर, म्हणजे 30 ग्रॅम शेंगदाण्यात 170 कॅलरी असतात, आणि मूठ काय एक नसते. त्यावर चहा. चहाला वेळ नसते पण वेळेला चहा लागतो, बरोबर, पण कपाला दोन चमचे साखर धरली तर 40 कॅलरी, पाच कपांचे 200 झाले, आणि हे जेवणात कुणीच धरत नाही.

वेळेचं मात्र थोडं वेगळं आहे. इस्रायलमध्ये 2013 साली जास्त वजनाच्या बायकांना रोज 1400 कॅलरी दिल्या, अर्ध्या जणींना त्यातल्या 700 सकाळी आणि रात्री 200, बाकीच्यांना बरोबर उलट. 12 आठवड्यांनी सकाळी भरपेट खाणाऱ्यांचं वजन सरासरी 8.7 किलोनं उतरलं आणि रात्रवाल्यांचं 3.6. आकडा बघून मीपण चमकले होते. पण 2022 मध्ये स्कॉटलंडच्या ॲबर्डीनमध्ये सगळं जेवण संशोधकांनीच पुरवून तपासलं तेव्हा वजनात फरक पडला नाही, सकाळी जास्त खाल्लं त्या दिवसांत भूक मात्र कमी लागली. मला हेच जास्त पटतं, कारण घरी मोजून वाढणारं कुणी नसतं, भूक आवरली तरच हात आवरतो.

आमच्याकडं दुकान बंद करून हे येईपर्यंत दहा वाजायचे. दिवसभर नुसत्या चहा-बिस्किटावर, मग भाकरी, रस्सा, वर सासूबाई प्रेमानं भात वाढणार आणि नको म्हणायची कुणाची टाप नाही. आता दुपारचा डबा भरगच्च जातो, दोन भाकरी, उसळ, पालेभाजी, कांदा, शेंगदाण्याची चटणी. सातला दुकानातच काकडी-टोमॅटो आणि मोड आलेली मटकी, रात्री आमटी आणि थोडासा भात. भात बंद केला नाही, सासूबाईंनाही वाईट वाटलं नाही, आणि सकाळी उठल्या उठल्या ह्यांना आता खरी भूक लागते, पूर्वी पोहे समोर ठेवले तरी नको म्हणायचे.

ज्यांना दोनदाच जेवून बरं वाटतं त्यांनी खुशाल तसं करावं, ज्यांना चारदा लागतं त्यांनी चारदा. फक्त ग्रुपमधले एक काका इन्सुलिन घेतात आणि तेही एक जेवण बंद करतो म्हणायला लागलेत, त्याची मला खरंच काळजी वाटते. इन्सुलिन किंवा शुगरच्या काही गोळ्या चालू असताना जेवण चुकवलं तर साखर एकदम खाली येते, घाम फुटतो, हातपाय थरथरतात, माणूस चक्कर येऊन पडू शकतो. काका, आधी डॉक्टरांकडं जाऊन डोस विचारून या, तोवर नाश्ता सोडू नका.