गाडीत बदल केलात, पॉलिसीत केलात का?

कारच्या पॉलिसीचं पहिलं पान उघडा. गाडीच्या आयडीव्हीशेजारी (म्हणजे विम्यासाठी धरलेल्या किमतीशेजारी) तीन छोटे रकाने दिसतील: विद्युत ॲक्सेसरीज, बिगर-विद्युत ॲक्सेसरीज आणि सीएनजी/एलपीजी किट. पुष्कळ पॉलिसींत या तिन्ही रकान्यांत शून्य छापलेलं असतं आणि गाडीत मात्र चाळीस हजारांचा स्क्रीन-ॲम्प्लिफायर, अलॉय व्हील आणि डिकीत सिलिंडर असतो. क्लेमच्या वेळी नुकसान मोजायला आलेला सर्व्हेअर तेच पान हातात घेऊन गाडीभोवती फिरतो. रकान्यात शून्य असेल तर त्याच्या लेखी ती वस्तू गाडीत नाहीच.

आयडीव्ही निघते ती तुमच्या व्हेरियंटच्या, गाडी बनवणाऱ्या कंपनीने जाहीर केलेल्या किमतीवरून, घसारा वजा करून. घसाऱ्याचा तक्ता ठरलेला आहे: सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाचपर्यंत ५० टक्के. त्या जाहीर किमतीत जे नाही ते आयडीव्हीतही नाही. म्हणूनच 'शोरूमनेच बसवून दिलंय, म्हणजे विम्यात असणारच' हा समज महागात पडतो. बेस मॉडेल घेऊन डीलरकडून टॉप मॉडेलचे अलॉय लावले, तरी पॉलिसीच्या हिशोबी गाडी स्टीलच्या रिमांचीच राहते. खड्ड्यात अलॉय फुटला की मंजूर होते स्टील रिमची किंमत. बाहेरून बसवलेल्या एलईडी हेडलॅम्पचंही तसंच. मूळ हॅलोजन दिव्याच्या किमतीपुढे सर्व्हेअर जात नाही.

ही वस्तू रकान्यात घालायला लागतं तरी किती? जुन्या मोटर टॅरिफमध्ये, म्हणजे मोटार विम्याच्या ठरलेल्या दरपत्रकात, विद्युत आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंना त्यांच्या किमतीच्या ४ टक्के दर होता. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे, म्हणजे ओडीचे दर १ जानेवारी २००७ पासून कंपन्यांवर सोडले गेले, पण हिशोबाचा साचा बराचसा तोच राहिला. ४०,००० रुपयांच्या म्युझिक सिस्टिमवर १,६०० रुपये, वर १८ टक्के जीएसटी धरून १,८८८. बिगर-विद्युत वस्तूंना गाडीचाच ओडी दर लागतो. टॅरिफमध्ये मुंबई-पुणे 'झोन ए'मध्ये येतात. तिथे पाच वर्षांच्या आतल्या, १००० ते १५०० सीसी कारचा दर ३.२८३ टक्के. म्हणजे ४५,००० च्या अलॉयचे १,४७७ रुपये, जीएसटीसह १,७४३. कंपनी ओडीवर सूट देत असेल तर आकडा आणखी खाली येतो. दुसऱ्या वर्षापासून वस्तूची किंमतही घसाऱ्याने उतरते आणि तिच्याबरोबर हप्ताही. एवढ्या रकमेसाठी लोक रकाना रिकामा ठेवतात, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

पैसे भरले म्हणजे सगळं मिळालं असंही नाही. विद्युत वस्तूंच्या कलमात स्पष्ट लिहिलेलं असतं की अपघात, आग, चोरी, पूर अशा कारणांनी झालेलं नुकसान मिळेल. वस्तू आपोआप बिघडली किंवा आतून जळली तर मिळणार नाही. 'झीरो डेप' (घसारा न कापता पैसे देणारं जादा कलम) घेतलेला असला तरी तो ॲक्सेसरीजना लागू आहे का, हे शब्दशः वाचा. दुचाकीवाल्यांनी आणखी एक ओळ शोधावी: गाडी जागेवर ठेवून चोराने फक्त ॲक्सेसरी नेली, तर प्रमाणित दुचाकी पॉलिसीत त्याचे पैसे मिळत नाहीत. गाडीच चोरीला गेली तरच.

सीएनजी: इथे दोन कागद लागतात

म्युझिक सिस्टिमसाठी पॉलिसीतली नोंद पुरते. बाहेरून बसवलेल्या सीएनजी किटची नोंद आरसी आणि पॉलिसी दोन्हीकडे हवी. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीवरचा तपशील मूळ उत्पादकाने दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाने करू नये. मान्यताप्राप्त किट बसवून इंधन बदलण्याला त्याच कलमात मुभा आहे, पण ती अटींसह.

किट विकत घेण्याआधी त्याच्या टाइप ॲप्रूव्हलच्या (ते कोणत्या गाड्यांसाठी मंजूर आहे, त्याच्या) कागदावर तुमचं मॉडेल आणि इंजिन आहे का, ते बघा. किट चांगलं असलं तरी मंजुरी दुसऱ्या मॉडेलची असेल तर आरटीओत फाइल तिथेच अडकते. बसवणारं केंद्र आरटीओकडे अधिकृत हवं. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आधीच काढून ठेवा. काम झालं की किट, रेग्युलेटर आणि सिलिंडर यांचे क्रमांक लिहिलेलं बिल, टाइप ॲप्रूव्हलची प्रत, सिलिंडरचं प्रमाणपत्र आणि फिटमेंट सर्टिफिकेट हे चारही कागद केंद्रातूनच घेऊन निघा. 'नंतर कुरिअर करतो' यावर थांबू नका. आरटीओला कळवण्याची मुदत १४ दिवसांची आहे. विमा कंपनीला मात्र किट बसलं त्याच दिवशी ईमेल टाका आणि आरसीवर 'पेट्रोल/सीएनजी' चढलं की नवी आरसी पाठवून एंडोर्समेंट, म्हणजे पॉलिसीतल्या बदलाचा लेखी कागद, मागा. आधीच्या ईमेलची तारीख पुढे वाद झाला तर कामाला येते, पण संरक्षण सुरू होतं ते एंडोर्समेंटवर छापलेल्या तारखेपासून. तोवर लांबचे प्रवास टाळलेले बरे.

खर्चाचा हिशोब असा: ५५,००० च्या किटवर ४ टक्के म्हणजे २,२००, थर्ड पार्टीच्या, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीच्या विम्याच्या बाजूला ६० रुपये, जीएसटीसह एकूण २,६६७ च्या आसपास. किट गाडीच्या कंपनीकडूनच बसून आलं असेल आणि त्याची किंमत वेगळी दाखवलेली नसेल, तर टॅरिफच्या पद्धतीने ओडी हप्त्याच्या ५ टक्के. कंपनी-फिटेड सीएनजीवाल्यांची चूक वेगळ्या ठिकाणी होते. ऑनलाइन रिन्यूअल करताना यादीत त्याच मॉडेलचं पेट्रोल व्हेरियंट निवडलं जातं, हप्ता थोडा कमी दिसतो, पैसे भरले जातात. पॉलिसी आल्यावर इंधनाचा रकाना आरसीशी ताडून बघायला एक मिनिट लागतं.

विमा कंपन्या सीएनजीबाबत इतक्या कडक का, ते डिकीत वाकून पाहिलं की कळतं. ६० लिटरचा स्टीलचा सिलिंडर स्वतःच साधारण ६० किलोचा, आत २०० बार दाबाने नऊ-दहा किलो गॅस. ब्रॅकेट नुसत्या पत्र्याला स्क्रूने धरलेला असेल तर मागून धडक बसल्यावर तो जागचा हलतो आणि नळीचा जोड निसटतो. बोल्ट पत्र्यातून आरपार, खालून प्लेट देऊन घट्ट केलेले हवेत. वजनाने मागचं सस्पेन्शन खाली बसतं, त्यामुळे ब्रेक मारल्यावर गाडीचा तोलही बदलतो. सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) दर तीन वर्षांनी करावी लागते. हे नियम स्फोटकं आणि गॅस सिलिंडरांवर देखरेख करणाऱ्या, नागपुरात मुख्यालय असलेल्या 'पेसो'च्या अखत्यारीत येतात. टेस्टची तारीख उलटली असेल तर पंपावर गॅस नाकारला जाऊ शकतो, आणि आगीच्या क्लेममध्ये सर्व्हेअर त्या तारखेची पाटी हमखास शोधतो.

नोंद नसलेल्या किटच्या गाडीला अपघात झाला तर? कंपनी ओडी क्लेम नाकारू शकते. मात्र प्रत्येक अटभंगाला पूर्ण नकार हेच उत्तर नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली खासगी गाडी भाड्याने दिल्याच्या प्रकरणात 'नॉन-स्टँडर्ड' (अट मोडली तरी पूर्ण न नाकारलेला) क्लेम म्हणून ७५ टक्के देण्याचं तत्त्व मान्य केलं. उभ्या गाडीला समोरून ट्रकने ठोकलं आणि किटचा त्याच्याशी काही संबंध नव्हता, असं दाखवता येत असेल तर हा मुद्दा मांडायलाच हवा. गळतीने आग लागली असेल तर या युक्तिवादात फारसा दम उरत नाही.

वायरिंग

सगळ्यात जास्त भांडणं इथे होतात, आणि ती टाळणं सगळ्यात सोपं आहे. हॅलोजन एच४ बल्ब ६०/५५ वॅटचा असतो. हाय बीमला १२ व्होल्टवर ५ अँपिअर ओढतो. त्या जागी १००/९० चा बल्ब लावला की प्रत्येकी ८.३, दोन्ही मिळून १६ च्या वर. कारखान्याची वायर, होल्डर आणि स्विच १० च्या हिशोबाने बनवलेले. आधी होल्डर पिवळा पडतो, मग वितळतो. हे बल्ब रस्त्यावर वापरायला कायदेशीरही नाहीत. उजेड कमी वाटत असेल तर मूळ वॅटचेच चांगले बल्ब घ्या आणि बॅटरीवरून थेट येणारं, रिले व फ्यूज असलेलं कपलर-टू-कपलर हार्नेस लावा. मूळ वायर कापावी लागत नाही, आणि सर्व्हेअरलाही कापलेली वायर दिसत नाही.

ॲम्प्लिफायरची जाड वायर बॅटरीवरून घेताना फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत हवा. तो ॲम्प्लिफायरजवळ बसवला तर मधली सगळी वायर उघडी पडल्यासारखीच. कुठे पत्र्याला घासली की फ्यूज न उडता थेट जाळ. इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून वायर नेताना रबरी ग्रोमेट लागतंच. वायरीची साल टोचून जोड देणाऱ्या प्लास्टिक क्लिपा पावसाळ्यात पाणी पितात आणि आत हिरवा गंज चढतो. अशा जोडांपासून दूर राहा.

पॉलिसीत आग, स्फोट आणि आपोआप पेट घेणं ही कारणं मोजलेली आहेत, विद्युत बिघाड वगळलेला आहे. म्हणजे नुसता ॲम्प्लिफायर जळला तर काही नाही. त्यातून गाडीने पेट घेतला तर गाडीचं नुकसान मिळायला हवं. पण गाडी सुस्थितीत राखण्याची अटही त्याच पॉलिसीत आहे, आणि कंपनी बोट ठेवते ते तिच्यावर. अशा वेळी ज्याने काम केलं त्याचं जीएसटी बिल आणि बसवतानाचे फ्यूज-रिलेचे फोटो तुमची बाजू मांडतात. बिलाशिवाय स्वस्तात केलेलं वायरिंग म्हणूनच नको.

बाकीचे बदल

टायर मोठे करताना बाहेरचा व्यास मूळच्या ३ टक्क्यांच्या आत ठेवा. १८५/६५ आर१५ चा व्यास ६२१.५ मिलीमीटर, १९५/५५ आर१६ चा ६२०.९, हे चालतं. २०५/६० आर१६ मात्र ६५२ वर जातो, ५ टक्के जास्त. स्पीडोमीटर ६० दाखवताना गाडी ६३ ने धावते आणि पूर्ण वळणावर टायर आतल्या लायनरला घासतो. लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो, तो आकडा) मूळ टायरपेक्षा कमी असता कामा नये. तसंही प्रमाणित पॉलिसीत टायरचे पैसे गाडीचंही नुकसान झालं असेल तरच मिळतात, आणि तेही निम्मे.

पुढे लावलेला लोखंडी बुल बार काढून टाका. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय परिवहन मंत्रालयाने राज्यांना त्यावर कारवाई करायला सांगितलं. बंपरमागचा भाग चुरगळून धक्का शोषतो आणि एअरबॅगचे सेन्सर त्या चुरगळण्याच्या हिशोबाने जुळवलेले असतात. बुल बार धक्का थेट चेसिसला देतो.

रंग बदललात, पूर्ण गाडीला वेगळ्या रंगाचा रॅप लावलात तर आरसीवर नोंद लागते. क्लेममध्ये कंपनी मूळ रंगाचे पैसे देते, रॅपचे नाही.

ईसीयू रीमॅपबद्दल, म्हणजे इंजिनच्या संगणकाचं प्रोग्रॅमिंग बदलण्याबद्दल, माझं मत सरळ आहे: रोजच्या गाडीत करू नका. त्याला हप्त्यात ठरलेला रकाना नाही, कळवलं तर कंपनी नकारही देऊ शकते, न कळवलं तर महत्त्वाची माहिती लपवल्याचा मुद्दा तयार होतो. बिनपरवाना बदलाला २०१९ च्या दुरुस्तीनंतर प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कलम ५२ चा अर्थ कडकपणे लावला. कर्कश सायलेन्सरला आवाजाच्या कलमाखाली १० हजारांपर्यंतचा दंड वेगळाच.

थर्ड पार्टीचा दर सरकार ठरवतं आणि तो कारला सीसीवर असतो. १ जून २०२२ पासूनच्या दरांत १००० सीसीपर्यंत २,०९४, १५०० पर्यंत ३,४१६, त्यावर ७,८९७ रुपये. अलॉय लावा नाहीतर स्पॉयलर, यात फरक पडत नाही. अपघातात दुसऱ्याचा जीव गेला तर न्यायाधिकरण विमा कंपनीला भरपाई द्यायला लावून नंतर ती मालकाकडून वसूल करण्याची मुभा देऊ शकतं. माहिती दडवलेली असेल तर ही वसुली तुमच्या घरापर्यंत येऊ शकते.

काही बदलांनी हप्ता उतरतोही, आणि हे फार कमी लोक मागतात. पुण्याच्या एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेने मान्य केलेलं चोरीरोधक उपकरण बसवलं तर टॅरिफमध्ये ओडीवर २.५ टक्के, कमाल ५०० रुपये सूट. अपंग व्यक्तीसाठी हाताने चालवण्याजोगी केलेली आणि तशी आरसीवर नोंदलेली गाडी असेल तर ओडी हप्त्यात थेट ५० टक्के. घरात अशी गाडी असेल तर पुढच्या रिन्यूअलला एजंटला 'आयएमटी १२' (टॅरिफमधलं या सवलतीचं कलम) हे शब्द सांगून विचारा.

सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारला तीन वर्षांचा आणि दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो, त्यामुळे दरवर्षी फक्त ओडी नवं होतं. बदल कळवायला ते रिन्यूअल सोयीचं, पण त्याची वाट पाहायची गरज नाही. मधेच पत्र किंवा ईमेल, बिल आणि फोटो द्या, कंपनी पाहणी करेल, उरलेल्या दिवसांपुरता हप्ता घेईल आणि एंडोर्समेंट देईल. त्यावर वस्तूचं नाव आणि रक्कम लिहिलेली हवी. 'ॲक्सेसरीज' एवढंच मोघम नको.

क्लेम अडला तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी जा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे फुकट दाद मागता येते. मुंबई आणि पुणे दोन्हीकडे कार्यालय आहे. नकाराचं पत्र कोणत्या अटीवर आहे ते आधी वाचा, आणि त्या अटीचा नुकसानीच्या कारणाशी संबंध आहे का, एवढ्याच प्रश्नावर अर्ज लिहा.

आणि किट किंवा सिस्टिम काढून दुसऱ्या गाडीत हलवलीत, तर जुन्या पॉलिसीतून ती वजा करून घ्या. किट असेल तर आरसीवरूनही.