तुम्ही विचारलंत म्हणून: नेड बंटलाइनच का?

"एवढी अमेरिका पडलीय ताई, आणि चरित्र लिहायला तुम्हाला हाच भामटा सापडला?" भाषण संपलं की चहाच्या रांगेत कुणीतरी हे विचारतंच. भामटा म्हणजे नेड बंटलाइन, एकोणिसाव्या शतकातला स्वस्त, सनसनाटी कादंबऱ्या लिहिणारा अमेरिकी लेखक. बफेलो बिल या शिकाऱ्याला त्यानं कसं गोष्टीत घातलं, दारू पिऊन दारूबंदीवर व्याख्यानं कशी झोडली, सगळं विचारणाऱ्याला पाठ असतं. (आणि हो, वायट अर्पसारख्या पोलिसांना त्यानं लांब नळीची पिस्तुलं वाटली म्हणतात, त्याला पुरावा नाही. ती कथा अर्पच्या १९३१ च्या एका चरित्रातून आलीय. सोडा आता.)

मला सोडत नाही ते टेनेसीतलं नॅशव्हिल शहर. मार्च १८४६. रॉबर्ट पोर्टरफिल्डच्या बायकोशी बंटलाइनचं (हे टोपणनाव; खरं नाव एडवर्ड जडसन) नाव जोडलं गेलं. गोळ्या झाडल्या गेल्या, पोर्टरफिल्ड मेला. जडसनला कोर्टात उभं केलं, तर मेलेल्याच्या भावानं तिथेच पिस्तूल काढलं. हा पळत सुटला, हॉटेलात घुसला आणि तिसऱ्या मजल्यावरून खाली आला. तसाच लंगडत तुरुंगात. रात्री जमावानं त्याला बाहेर ओढून दुकानापुढच्या छपराच्या खांबाला टांगलं. दोर तुटला म्हणतात, कुणी म्हणतात कापला. माणूस वाचला. खटला भरायचा की नाही हे ठरवणाऱ्या ग्रँड ज्युरीनं पुढे आरोपच ठेवला नाही.

दहा वर्षांपूर्वी मी यावर लेख लिहिला होता. परवा काढून वाचला. त्यात दोर आहे, उडी आहे, छपराचा खांबसुद्धा आहे. पोर्टरफिल्ड एका वाक्यात येतो आणि त्याच वाक्यात मरतो. त्याची बायको येतच नाही, आणि हे लिहिणारी मी! म्हणजे बंटलाइनवर लिहायला बसले आणि बंटलाइनसारखंच लिहून उठले. पण तुम्हीही वाचलाच होता की तो लेख. तेव्हा कुणी विचारलं नाही, ती बाई कुठे गेली म्हणून.

खरं सांगू? मला तो आवडतो. १८४९ च्या न्यूयॉर्कमधल्या ॲस्टर प्लेस नाट्यगृहाबाहेरच्या दंगलीत वीसहून जास्त माणसं मेली, तिच्यातल्या हातभाराबद्दल त्याला वर्षभराची कैद आणि २५० डॉलर दंड झाला, हे ठाऊक असून आवडतो. आवडणं आणि माफ करणं वेगळं, असं मी पूर्वी ठासून सांगायचे. आता तेवढं ठासून सांगवत नाही.

या वेळी पहिलं प्रकरण पोर्टरफिल्डच्या घरापासून सुरू केलंय. तिसऱ्याच पानावर पुन्हा दोराशी येऊन पोचले.