नकाशा नसलेल्या गाड्यांचे वायरिंग : आमची वाटचाल

भोसरीत गाळा घेतला तेव्हा आमच्याकडे टेम्पो, रिक्षा आणि जुन्या जीपगाड्या येत. स्टार्टर, डायनामो आणि दिव्यांची कामे करून घर चालत होते. हाताने बांधलेल्या गाड्यांकडे आम्ही वळलो ते अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांमुळे. इंदूरजवळच्या पिथमपूरला २००७ साली ‘बाहा’ ही खडबडीत जमिनीवर चालणाऱ्या, विद्यार्थ्यांनी बांधलेल्या गाड्यांची स्पर्धा सुरू झाली आणि पुढे पुणे-पिंपरी परिसरातील महाविद्यालयांची मुले पाइप वाकवून, वेल्डिंग करून बग्ग्या बांधू लागली. सांगाडा ती उत्तम करीत. वायरिंग मात्र शेवटच्या आठवड्यात, जागा मिळेल तसे होई.

अशीच एक बग्गी स्पर्धेच्या आठ दिवस आधी आमच्या दारात आली. सपाट रस्त्यावर तिचे इंजिन सुरळीत चाले, पण खडबडीत जमिनीवर दोन-चार गचके बसले की बंद पडे. मुलांनी कार्बोरेटर दोनदा खोलला होता, प्लग बदलला होता आणि मीही पहिला दिवस पेट्रोलची नळी तपासण्यात घालवला. त्या इंजिनाला ठिणगीसाठी बॅटरी लागत नाही. फ्लायव्हीलवरचे चुंबक कॉइलसमोरून फिरते आणि त्यातूनच ठिणगी मिळते. इंजिन बंद करायचे तर कॉइलची एक तार किल स्विचमधून चासीला, म्हणजे लोखंडी सांगाड्याला, टेकवतात. म्हणजे ही तार तुटली तर इंजिन चालूच राहते आणि चासीला टेकली तर थांबते, हे रात्री जेवताना ध्यानात आले. सकाळी ती तार कॉइलजवळ सोडवून गाडी मैदानात आदळून पाहिली. इंजिन एकदाही थांबले नाही. मग मल्टिमीटर कंटिन्यूटीवर (तार सांगाड्याला टेकली की मीटर वाजतो) लावून एका मुलाला सांगाडा हलवायला सांगितले आणि मी तारेवरून बोट फिरवत गेलो. सीटमागच्या पाइपवर प्लॅस्टिक टायखाली आवरण घासून तिळाएवढे तांबे उघडे पडले होते आणि पाइपचा रंगही नेमका तेवढ्याच जागी उडून लोखंड चकाकत होते.

कारखान्यातून आलेल्या गाडीला सर्किटची आकृती असते. हाताने बांधलेल्या गाडीची आकृती बांधणाऱ्याच्या डोक्यात असते आणि सहा महिन्यांनी तिथूनही पुसली जाते. म्हणून त्या बग्गीनंतर आम्ही नियम केला, की आकृती कागदावर उतरल्याशिवाय एकही तार बांधायची नाही, प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना क्रमांकाची स्लीव्ह घालायची आणि आकृतीची प्रत गिऱ्हाइकाला द्यायची. सुरुवातीला आकृतीचे पैसे द्यायला कोणी तयार नसे, तेव्हा दोन वर्षे तो खर्च आम्हीच सोसला. तो निर्णय आजही मला योग्य वाटतो.

पुढे फायबरच्या बॉडीची, घरी बांधलेली एक छोटी मोटार आली. तिचा ब्रेक दाबला की मागचा डावा इंडिकेटर मंद पेटे. मालकाने स्विच, फ्लॅशर आणि बल्ब बदलून पाहिले होते. लोखंडी बॉडीत दिव्याचा परतीचा प्रवाह पत्र्यातूनच बॅटरीकडे जातो; फायबरमध्ये त्यासाठी वेगळी अर्थची तार लागते. या गाडीत ती तार होती, पण तिचा लग (टोकाची धातूची कडी) पावडर कोटिंग केलेल्या चासीवर, वीज अडवणारे ते कोटिंग न खरवडताच कसला होता. परतीची वाट बंद झाल्याने ब्रेकच्या बल्बचा प्रवाह शेजारच्या इंडिकेटरच्या फिलामेंटमधून वाट काढत होता. ब्रेक दाबून बॅटरीच्या निगेटिव्हपासून होल्डरच्या अर्थपर्यंत मोजले तेव्हा मीटरने सात व्होल्ट दाखवले. तिथे एक-दोन दशांश व्होल्टांपेक्षा जास्त दिसता कामा नये. नट सोडून जागा लखलखीत होईपर्यंत घासली, दातेरी वॉशर घातला आणि वरून ग्रीस लावले. काम वीस मिनिटांचे होते. मालक मात्र तीन महिने हैराण होता.

आज आमच्याकडे आयटीआय झालेली चार मुले आहेत. सुरुवातीचे काही आठवडे ती भाग बदलत नाहीत, फक्त मोजतात : इंजिन बंद असताना पूर्ण चार्ज बॅटरी १२.६ व्होल्टांच्या आसपास आहे का, चालू असताना १४ च्या जवळ जाते का, आणि लोड टाकल्यावर कोणत्या जोडावर किती व्होल्ट हरवतात. फ्यूज वारंवार उडत असेल तर मोठा फ्यूज घालायला आमच्या गाळ्यात सक्त मनाई आहे, कारण फ्यूज तारेच्या जाडीवरून ठरतो आणि तो वाढवला की जळण्याची पाळी तारेवर येते. या आठवड्यात पुन्हा एक बग्गी आली आहे. यंदा मुलांनी आकृती स्वतः काढून आणली असून किल स्विचची तार पाइपपासून दूर, रबरी ग्रॉमेटमधून (तार घासू न देणाऱ्या कड्यातून) नेलेली दाखवली आहे.