क्रेडिट म्हंजे काय?

"काका, क्रेडिट म्हंजे पैसे आले का गेले?"

पुतणी वही घेऊन उभी. शाळेत खरेदीचे इंग्रजी शब्द पाठ करायला दिलेत. 'चेंज' म्हणजे सुट्टे पैसे, हे लगेच पटलं. (सुट्ट्यांऐवजी चॉकलेट हातात टेकवणारे दुकानदार तिला माहितीयत!)

क्रेडिटवर मात्र अडली. पीएम किसानचे २००० आले की आबांच्या मोबाइलवर 'क्रेडिटेड'. किराणा दुकानात पाटी 'नो क्रेडिट', म्हंजे उधारी बंद.

मी डोकं खाजवत बसलो. बाजेवरून आबा म्हणाले, "आरं, पत म्हन की! पत असल तरच उधारी भेटती."

पत म्हंजे विश्वास, आणि 'क्रेडिट' शब्दाचं लॅटिनमधलं मूळही विश्वासाचंच. आबांना लॅटिन कुठलं ठाऊक?

तिनं वहीत लिहिलंय, 'क्रेडिट - पत'. बाई बरोबर देतील का?