कार्डावर ‘ओ पॉझिटिव्ह’ आहे, तरी तपासा

लातूरला एका रक्तपेढीत मी टेक्निशियन आहे. पावसाळ्यात औसा तालुक्यातल्या एका बाळंतिणीसाठी रक्ताची मागणी आली. हिमोग्लोबिन पाचावर, कार्डावर ‘ओ पॉझिटिव्ह’. ओची पिशवी काढली, क्रॉसमॅच लावलं, म्हणजे पिशवीतलं रक्त रुग्णाच्या रक्ताशी जुळतं का ते पाहिलं, तर गुठळ्या. दुसरी काढली, तेच. एकही जुळेना.

तिचे वडील काउंटरला धरून उभे. “ताई, ओ तर समद्यांना चालतंय म्हणतेत. मग माझ्या लेकीलाच का चालंना?”

तिचा गट बॉम्बे होता. ओवाल्यांच्या रक्तपेशींवर ए आणि बी हे अँटिजेन, म्हणजे गट ठरवणाऱ्या खुणा, नसतात, पण एच असतो. हिच्याकडे एचसुद्धा नाही, उलट सिरममध्ये, म्हणजे पेशी काढल्यावर उरणाऱ्या रक्ताच्या पाण्यात, एचवर हल्ला करणारी अँटिबॉडी. ओचं रक्त दिलं असतं तर अंगात गेल्या गेल्या फुटलं असतं. मुंबईत डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी 1952 साली हा गट शोधला, म्हणून हे नाव. आपल्याकडे साधारण 10,000 माणसांत एखादा.

नुसती स्लाइडवर अँटी-ए, अँटी-बी ही ए आणि बी ओळखणारी द्रव्यं टाकून तपासणी केली तर हा माणूस ओच दिसतो. रुग्णाचं सिरम ओ पेशींबरोबर लावलं की गुठळ्या होतात आणि मग शंका येते. पुढे अँटी-एच लावून खात्री करायची. एका ट्यूबचं काम आहे हो. लहान लॅबमध्ये ते राहून जातं, याचं मला फार वाईट वाटतं.

रक्त कुठून आणायचं? लोक आधी व्हॉट्सॲपवर मेसेज फिरवतात. मी म्हणते, आधी सख्खी भावंडं बोलवा. आई-वडील दोघांकडून या गटाचं जनुक आलेलं असतं, त्यामुळे प्रत्येक भावंडात चारात एक शक्यता. आपल्या मराठवाड्यात मामाची लेक करायची रीत. हिचे आई-वडीलही मामे-आतेभावंडंच. धाकटा भाऊ पुण्यात कंपनीत कामाला. रात्रीच्या गाडीनं आला, तपासला, बॉम्बे पॉझिटिव्ह निघाला. क्रॉसमॅच जुळलं तेव्हा मी वडिलांना स्वतः जाऊन सांगितलं.

पण पुरुषाला पुन्हा रक्त द्यायला तीन महिने थांबावं लागतं, आणि पिशवी फ्रीजमध्ये 35 ते 42 दिवसच टिकते. तेवढ्यात गरज पडली तर दुसरा दाता हवाच.

तिची थोरली बहीण उदगीरला दिलेली आहे, पाचवा महिना चालू आहे. तीही बॉम्बे असू शकते, पण तिची तपासणी अजून झालेली नाही. “सोयाबीन निघालं की आणतो,” म्हणतात वडील. मी दर आठवड्याला फोन करतेय.