मायसेनचं बंदर रंगवताना

पोर्सिलेनवर रंगकाम शिकायचं तर सुरुवात फुलापानांपासून करतात. मला बंदर रंगवायचं होतं. जर्मनीत ड्रेस्डेनला राहायला आल्यापासून तिथल्या झ्विंगर या जुन्या राजवाड्यातल्या पोर्सिलेन संग्रहात मी पुन्हा पुन्हा जाते, आणि दर वेळी पाय अडतात ते मायसेन या गावातल्या कारखान्यात १७२० आणि १७३० च्या दशकांत घडलेल्या लहान भांड्यांपाशी. बिनकानाच्या चहाच्या वाट्या, चॉकलेट पिण्याचे उभट पेले, खोलगट बशा. ओंजळीत मावेल एवढ्या वाटीवर सोनेरी महिरप आणि तिच्या आत अख्खं बंदर: डोलकाठ्या, मनोरा, पगडीवाले व्यापारी, तिकोनी टोप्या घातलेले युरोपीय, गाठी बांधलेले गठ्ठे, पिंपं, मधेच एखादं कुत्रं. जर्मन लोक या चित्रांना काउफार्टाय, म्हणजे व्यापारी जहाजवाहतूक, म्हणतात.

शहरातल्या एका वयस्कर चित्रकार बाईंकडे शिकवणी लावली. माझी हौस ऐकून त्या म्हणाल्या, "आधी आभाळ रंगवून दाखवा. माणसं नंतर."

आभाळच सगळ्यात अवघड निघालं. पोर्सिलेनवर पांढरा रंग लावत नाहीत. उजेड हवा तिथे भांड्याचा पांढरेपणा तसाच सोडायचा. जुन्या वाट्यांवर क्षितिजाजवळ निळा फिकट होत होत कुठे संपतो ते कळतही नाही, आणि त्या न रंगवलेल्या पट्टीवरच दूरची गलबतं उभी असतात. हे जमायला रंगाची घोटाई जमावी लागते. रंगाची पूड काचेवर घ्यायची, त्यात टर्पेंटाइनचं आटवलेलं घट्ट तेल थेंबाथेंबाने घालायचं आणि लवचिक सुरीने कणी हाताला लागेनाशी होईपर्यंत घोटत राहायचं. लवंगेच्या तेलाचा एखादा थेंब घातला की रंग लवकर सुकत नाही. सबंध खोलीला लवंगेचा वास येतो.

रेखाटन उतरवायची रीत मात्र बघताक्षणी ओळखीची वाटली. कागदावर चित्र काढून रेघेवरून सुईने भोकं पाडायची, कागद वाटीवर धरायचा आणि वरून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी थोपटायची. आपण भोकांच्या कागदातून रांगोळी पाडतो अगदी तसंच. उमटलेल्या ठिपक्यांवरून रंगाची रेघ ओढायची; कोळसा भट्टीत जळून जातो, रंगाची रेघ राहते.

हात काम करत असताना डोक्यात एकच विचार असायचा: मायसेनमध्ये समुद्र कुठे आहे? गाव एल्ब नदीकाठी, सॅक्सनीच्या आतल्या भागात. १७१० मध्ये सॅक्सनीचा राज्यकर्ता ऑगस्टस द स्ट्राँग याने कारखाना काढला आणि तो टेकडीवरच्या आल्ब्रेख्ट्सबुर्ग किल्ल्यात बसवला. त्याच्या पदरच्या ब्योटगर या किमयागाराने पांढरं पोर्सिलेन घडवलं होतं, पण भट्टीत टिकतील अशा रंगांची खरी श्रीमंती १७२० मध्ये योहान ग्रेगोरिउस ह्योरोल्ट हा चित्रकार व्हिएन्नाहून आला तेव्हापासून आली. त्याने आधी चिनी माणसांची काल्पनिक दृश्यं रंगवून घेतली, मग बंदरं आली. बंदरांसाठी नावाजलेला चित्रकार मात्र दुसराच, क्रिस्टियान फ्रीडरिश हेरोल्ट; तो १७२५ च्या सुमारास मायसेनला आला. त्याआधी तो बर्लिनमध्ये मिनाकाम करायचा. इतक्या लहान जागेत इतकी माणसं तो कशी बसवत असेल, याचं उत्तर मला त्या मिनाकामात सापडलं. बंदरांचे नमुने बव्हंशी छापील चित्रांतून आले. योहान विल्हेल्म बाउरच्या चित्रांवरून मेल्किओर क्युझलने कोरलेली इटालियन बंदरं आउग्सबुर्गमध्ये छापली गेली होती, आणि मायसेनच्या चित्रकारांनी ती भरपूर वापरली.

पण नक्कल म्हणून मी ती बाजूला सारणार नाही. चिनी दृश्यांपेक्षा मला बंदरं कितीतरी मोलाची वाटतात, कारण इथे कोणीतरी काम करताना दिसतं. कोणी पिंप ढकलतोय, कोणी गठ्ठ्यावर वाकून दोरी आवळतोय, शेजारी व्यापारी हातातला कागद वाचतोय. वाटीत ओतायचा चहा चीनमधून आणि पेल्यातल्या चॉकलेटचा कोको अमेरिकेतून, असेच गठ्ठ्यापिंपांतून जहाजांनी यायचे. राजवाड्यात चहा पिणाऱ्याच्या बोटांखाली त्या हमालांची पाठ असायची. बंदर कल्पनेतलं असेल, त्या पाठीचा बाक बघून काढलेला आहे असं मला ठाम वाटतं.

तो बाक काढायला दोनच फटकारे लागतात, आणि त्यासाठी मी खापऱ्यांवर खूप सराव केला. बिनभाजका रंग स्पिरिटने पुसता येतो, ही मोठी सोय. पहिल्या भट्टीला फक्त आभाळ, पाणी आणि बारीक रेघा. पोर्सिलेन स्वतः सुमारे १४०० अंशांना भाजलेलं असतं. वरचे रंग त्याहून पुष्कळ कमी, साधारण ८०० अंशांना झिलईत बसतात. लोहाचा लाल लावताना जसा दिसतो जवळपास तसाच बाहेर येतो. सोन्यापासून केलेला जांभळा मात्र लावताना मळकट तपकिरी असतो आणि भट्टीतून खुलून येतो. दोन्ही एकमेकांत मिसळायचे नाहीत, हा बाईंचा कडक नियम. दुसऱ्या भट्टीला कपडे, गठ्ठे, पगड्या. माझ्या व्यापाऱ्याचा जांभळा झगा बाहेर आला तेव्हा मी आनंदाने ओरडलेच.

महिरप सगळ्यात शेवटी, कारण सोन्याला आच कमी लागते. भट्टीतून सोनं निस्तेज, पिवळ्या मातीसारखं निघतं. मग अकीकाच्या टोकाने एकाच दिशेने, दाब न वाढवता घासायचं. आधी वेलाच्या कडा, मग पानं. जुन्या वाट्यांवर या सोन्याच्या नक्षीत लोहाचा लाल आणि मोत्यासारखी गुलाबी-जांभळट झाक असलेले तुकडे बसवलेले असतात. ती झाक मी अजून केलेली नाही.

आता बशी हातात घेतली आहे. वाटीवर दोन बाजूंना दोन दृश्यं असतात आणि ती कधी एकदम दिसत नाहीत, त्यामुळे प्रत्येकाला आपलं वेगळं क्षितिज चालतं. बशीत एकच दृश्य मधोमध बसतं आणि सगळी कड त्याच्याकडे बघत असते. बाईंनी पुन्हा आभाळापासूनच सुरुवात करायला लावली आहे.