बटाट्याचा करपा, बांगडी आणि पोखरणारी अळी

पुणे जिल्ह्यातील आंबेगाव तालुक्यात, सातगाव पठारावर, बटाटा खरिपात घेतला जातो. पंजाबात आणि उत्तर प्रदेशात तो थंडीचे पीक आहे. आपल्याकडे त्याला ढगाळ हवेत, दिवसेंदिवस ओल्या राहणाऱ्या पानांनिशी वाढावे लागते, त्यामुळे तिकडचे फवारणीचे वेळापत्रक इकडे जसेच्या तसे लागू पडत नाही. माझे स्पष्ट मत असे की या पिकाचे रक्षण पंपापेक्षा बेणे, झाडाच्या बुंध्याला दिलेली मातीची भर आणि काढणी यांच्यावर अधिक अवलंबून असते. फवारणीवर खरी मदार असते ती करप्यापुरती.

करपा दोन प्रकारचा. लवकर येणारा करपा खालच्या जुन्या पानांवर एकात एक वलये असलेले तपकिरी ठिपके पाडतो आणि सावकाश पसरतो. उशिरा येणारा करपा मात्र पानाच्या टोकाला किंवा कडेला पाणी मुरल्यासारख्या डागाने सुरू होतो. सकाळी पान उलटून पाहिले, तर डागाच्या कडेने पांढुरकी बुरशी दिसते. 1845 पासून आयर्लंडमधील पीक उद्ध्वस्त करणारा रोग हाच. गार हवा, धुके आणि रिमझिम पाऊस सलग राहिल्यास आठवड्याभरात शेत काळे पडू शकते. मॅन्कोझेब (10 लिटर पाण्यात 25 ग्रॅम) हे प्रतिबंधक औषध आहे. ते डाग दिसण्यापूर्वी, पानांची खालची बाजू भिजेल असे फवारावे लागते. रोग पानात शिरल्यावर मेटॅलॅक्सिल किंवा सायमोक्झॅनिल असलेली मिश्र बुरशीनाशके लेबलवरील प्रमाणात घ्यावीत, पण तेच औषध पुन्हा पुन्हा मारू नये, कारण बुरशी त्याला सरावते.

बांगडी रोगाला फवारणी नाहीच. झाड हिरवे असतानाच माना टाकते, आणि बटाटा आडवा कापल्यास सालीच्या आत तपकिरी कडे दिसते. दाबल्यावर त्यातून चिकट पांढरट द्रव येतो. या रोगाचे जिवाणू बेणे कापण्याच्या विळ्यावरून एका फोडीतून दुसऱ्या फोडीत जातात, म्हणून शक्य तेथे अख्खे बेणे लावावे, आणि त्या रानात लगेच टोमॅटो, वांगी किंवा मिरची न घेता मका अथवा ज्वारी घ्यावी.

मावा रस शोषतो त्याहून अधिक नुकसान विषाणू पसरवून करतो. घरचे बेणे वर्षागणिक खालावते ते त्यामुळेच.

बटाटा पोखरणारी अळी 1906 च्या सुमारास इटलीहून आलेल्या बेण्याबरोबर मुंबई इलाख्यात शिरली, असे मानले जाते. तिचा पतंग उघड्या पडलेल्या बटाट्याच्या डोळ्याजवळ अंडी घालतो, आणि बाहेर साचलेली काळपट विष्ठा दिसेपर्यंत अळी आत बोगदे पाडून मोकळी झालेली असते. मातीची चांगली भर दिली आणि वरंब्यावरील भेगा बुजवल्या, तर पतंगाला बटाट्यापर्यंत वाटच राहत नाही. काढलेला माल रात्री रानात उघडा ठेवू नये, कारण पतंग अंधारातच फिरतो. माल बटाट्याच्याच पाल्याने झाकण्याची आपल्याकडील सवय तर उलटी बाधते: पाला वाळला की त्यातील अळ्या खाली उतरून बटाट्यात शिरतात. गोणपाट वापरावे, आणि माल अरणीत (साठवणीच्या ढिगात) भरण्यापूर्वी किडके बटाटे निवडून, बांधावर न फेकता, खोल पुरावेत.